निळ्या काठाची बादली

प्रिय क्लिफर्ड,

एका गंभीर गुन्ह्याची फिर्याद तुझ्याकडे नोंदवते आहे. तुझ्याकडेच, कारण पोलिसांत गेले तर ते हसतील, आणि पाद्रीसाहेबांकडे गेले तर ते म्हणतील, क्षमा करा. दोन-अडीच महिन्यांपूर्वी, ऐन जेवणाच्या वेळी, आमच्या ‘ब्लू टप’ पबमध्ये लंडनचा एक गृहस्थ आला. डोंगर चढायचे कोरे करकरीत कपडे, बुटांवर चिखलाचा ठिपकासुद्धा नाही. मी पंपाचा दांडा ओढून त्याला बीअरची पाइंट भरून दिली. वर आपला नेहमीचा फेस, साईसारखा दाट. त्याने ग्लासाकडे असं पाहिलं, जणू मी त्यात पाल सोडली होती. म्हणाला, “बाई, हा फेस काढा आणि ग्लास काठोकाठ भरा. मी पैसे बीअरचे दिलेत, हवेचे नाही.” एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला नुसता मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. पण तो काउंटरवरून वाकला आणि नळीच्या तोंडची पितळी चाळणी त्याने स्वतःच्या हाताने फिरवून काढली. माझ्या आजोबांनी बसवलेली चाळणी, क्लिफर्ड! तिच्यातून आल्याशिवाय बीअर फेस धरत नाही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दक्षिणेत बीअर तशीच ओततात, डबक्यातल्या पाण्यासारखी सपाट, आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. चाळणी त्याच्या हातातून निसटली, घरंगळत काउंटरखाली गेली, आणि आमच्या भट्टीवरच्या विल्फला या वयात पोटावर सरपटत तिच्यामागे जावं लागलं. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाही. पण फिर्याद इथे संपत नाही, म्हणून चहा टाक आणि बस. आधण जरा जास्तच ठेव. का, ते शेवटी सांगते.

तर चाळणीविना मी नाइलाजाने पुन्हा भरून दिलेली ती बिनफेसाची बीअर त्या गृहस्थाने उचलली, घोट घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “वा! लवंगेचा काय सुरेख वास आहे! अशी चव आमच्याकडे कुठेच मिळत नाही.” आणि पबमधली सगळी डोकी काउंटरकडे वळली. तुला वेगळं सांगायला नको. आपल्या खोऱ्यांत बीअर चांगली झाली तर माणसं ‘चालेल’ म्हणतात. फारच चांगली झाली तर ‘चालेल’ म्हणून दुसरी मागतात. इथे थॉर्सबेक गावात आमच्या बीअरला याहून मोठी शाबासकी कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या बाबांच्या अंत्ययात्रेत खुद्द पाद्रीसाहेबांनी त्यांच्या बीअरबद्दल तेवढंच म्हटलं होतं, आणि आई त्यावर रडली होती. त्यामुळे दक्षिणेतल्या माणसाने डोळे मिटून वाहवा केली, तेव्हा प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला: काहीतरी बिघडलंय. कोपऱ्यातल्या सेथ ॲल्डरसनने ग्लास खाली ठेवला. विल्फ काउंटरखालून चाळणी घेऊन निघाला, त्या गृहस्थाच्या हातातला ग्लास न विचारता घेतला, वास घेतला, आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मला म्हणाला, “पोरी, हौद बंद कर.”

विल्फ मला अजून पोरीच म्हणतो. मी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्याचा पगार मी देते, याचा त्याच्यावर काही परिणाम झालेला नाही.

मग सुरू झाली चौकशी. सेथ म्हणाला, “मला पंधरा दिवसांपासून माहीत होतं.” मी म्हटलं, “मग तोंड शिवलं होतं का?” तो म्हणाला, “विचारलं कुणी?” त्याच्या शेजारचा म्हणाला, “मला वाटलं, माझ्या नव्या कवळीचाच वास आहे.” तिसऱ्याला वाटलं होतं की त्याची बायको हॅममध्ये लवंगा जरा जास्त टोचते आहे, आणि त्यावरून त्याने घरी अबोलासुद्धा धरला होता. अख्ख्या गावाने पंधरा दिवस नासलेली बीअर पैसे मोजून मुकाट्याने प्यायली, कारण आपल्याकडे तक्रार करणं म्हणजे कौतुक करण्याइतकंच निर्लज्जपणाचं. आणि मी? मी रोज सकाळी चाखत होते. मला ती जराशी वेगळी लागत होती. पण आम्हा आयव्हसनांची बीअर बिघडत नाही, तेव्हा माझीच जीभ बिघडली असणार, असं ठरवून मी गप्प बसले. मी तरी कुठे परगावची आहे?

झालं होतं असं की यंदा उन्हाळ्यात ऊन पडलं. चक्क पडलं, आणि पडून राहिलं. आपल्या भट्ट्या काय असल्या चैनीसाठी बांधलेल्या नाहीत. कुठूनतरी रानटी काहीतरी हवेतून आलं आणि आमच्या विरजणात शिरलं. प्रयोगशाळेतली माणसं त्याला यीस्ट म्हणतात. तुझे आणि माझे वाडवडील विरजणच म्हणत आले. एका हौदातलं फसफसून वर आलेलं काढायचं, बादलीत थंड ठेवायचं, पुढच्या हौदात घालायचं. पणजोबांपासून ही साखळी कधी तुटली नव्हती. आता शीतखोलीतल्या बादल्या एकेक करून उघडल्या, तर प्रत्येकीला लवंगेचा वास. विल्फने त्या सगळ्या गटारात ओतल्या. ओतताना त्याने टोपी काढली होती. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं, आणि मी पाहिलं नाही असं तोही धरून चालला.

तू विचारशील, दुसऱ्याकडून आणायचं होतं. आणलं. विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही, मग मागणारा वैरी असला तरी, हा आपल्या धंद्यातला नियम अजून पाळला जातो. तीन भट्ट्यांनी लगेच पाठवलं. बीअरही झाली. एक तर इतकी सभ्य झाली की पिताना माणसाने टाय लावावा. पण ती दुसऱ्याच्या घरचं पोर सांभाळायला आणल्यासारखी. गुणी, स्वच्छ, आणि आपल्या कुणाच्याही चेहऱ्यामोहऱ्यावर न गेलेली. सेथने घोट घेतला आणि म्हणाला, “छान आहे.” छान! मी त्या रात्री जेवले नाही.

आणि टेबलावर त्या कंपनीचं पत्र पडलेलं होतं. कुठल्या ते तुला सांगायला नको. तुझ्या वडिलांना ज्यांनी पत्र पाठवलं होतं तेच लोक, फक्त आता कागद जास्त गुळगुळीत आहे. ‘आयव्हसन’ हे नाव आम्हाला द्या, बीअर आम्ही आमच्या कारखान्यात करू, तुम्ही निवांत व्हा. माझी साखळी तुटल्याची बातमी त्यांना कुणी दिली कोण जाणे; अशा लोकांना वास लवकर येतो. तुमच्या नावाची, तुझ्या आजोबांचं चित्र छापलेली ‘डिन्सडेल’ बीअर अजून मिळते, गॅस भरलेली, बर्फासारखी गार, तुमच्या केल्डविकपासून शंभर मैलांवर केलेली. आजोबा त्या चित्रात हसताहेत. तुझे आजोबा जन्मात हसले नव्हते. मी ठरवलं होतं की मेंढ्यांच्या प्रदर्शनापर्यंत वाट पाहायची. आमच्या तंबूत आमची बीअर नसेल, तर सही करून टाकायची. उगाच पणजोबांच्या नावाने परक्याचं पोर का मिरवा? हे मी कुणाला बोलले नव्हते. विल्फला कळलं होतं, कारण त्याने त्या आठवड्यात पहिल्यांदाच माझ्याशी वाद घातला नाही.

आता जरा मागे जाते. तुला आठवत असेल, नसेल, मला आठवतं. पुराच्या वर्षी तुमची भट्टी छातीभर चिखलात गेली आणि विरजण वाहून गेलं. बाबा तुझ्या वडिलांना चोर म्हणायचे, तुझे वडील बाबांना भिकारी. त्यांच्यात याहून जास्त संभाषण मी कधी ऐकलं नाही. पण त्या दिवशी बाबांनी निळ्या काठाची एनॅमलची बादली भरली, वर ओलं मलमल बांधलं आणि मला म्हणाले, “खिंडीपलीकडे जा. त्या जेबेझ डिन्सडेलच्या हातात दे. बोलू नकोस.” दुधाच्या लॉरीत गुडघ्यांत बादली धरून मी आले. ती सांडू नये म्हणून वळणावळणावर मी तिला पोटाशी धरत होते, आणि लॉरीवाला म्हणत होता, “पोर आहे का काय?” तुमच्या दारात तू होतास, कमरेपर्यंत गाळात. मी बाबांचं ऐकलं, काही बोलले नाही. तू म्हणालास, “बूट काढून ये.” सगळं घर चिखलात बुडालेलं, आणि तू मला बूट काढायला सांगत होतास! त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

पुढचं दोघांनाही माहीत आहे. गावाला वाटलं, लग्न होणार. आपल्यालाही तसंच वाटत होतं. मग दोन्ही म्हातारे एका टेबलाशी बसले, आयुष्यात प्रथमच, आणि प्रश्न निघाला की दोन भट्ट्यांपैकी कुठली चालू ठेवायची. तू तुझे दगडी हौद सोडणार नव्हतास, मी माझे. बरोबरच होतं, मी आजही सोडणार नाही. आपलं भांडणसुद्धा झालं नाही. झालं असतं तर मिटलं असतं. तू म्हणालास, “मग काय करायचं?” मी म्हणाले, “बघू.” ते बघणं आजपर्यंत चालू आहे. मधल्या काळात तू जॉयसशी लग्न केलंस, चांगलं केलंस. ती गेली तेव्हा मी फुलं पाठवली, तू छापील कार्ड पाठवलंस. तुझ्या वडिलांनी भट्टी विकली, तुमच्या हौदांच्या पाटीच्या दगडाचे त्या कंपनीच्या साहेबाने बागेत बाक केले, आणि तुला एक घड्याळ दिलं. एवढ्या सगळ्यात बाबांची बादली काही परत आली नाही. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, “डिन्सडेलकडे आपली बादली आहे.” विरजणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि तुझे वडील ते भरून देण्याइतके कधी नमले नाहीत, म्हणून त्यांनी ते दिलंच नाही. दोघांचं बरोबर होतं. आपल्याकडे नेहमी दोघांचं बरोबर असतं, तोच तर घोळ आहे.

तर प्रदर्शन जवळ आलेलं, आणि एका बाजाराच्या दिवशी सकाळी विल्फने मला भट्टीच्या मागच्या दाराशी बोलावलं. पायरीवर बादली होती. निळा काठ, आणि लॉरीच्या दारावर आपटून आलेला तो पोचा. वर ओलं मलमल, गवताचे गठ्ठे बांधायची दोरी, आणि तुझी ती वेडी गाठ, जी कापल्याशिवाय सुटत नाही. चिठ्ठी नाही. विल्फ म्हणाला, “कुणी ठेवली असेल?” त्याने हे इतक्या साळसूदपणे विचारलं, की खिंडीपलीकडे बातमी कुणी पोचवली ते मला कळलं. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, “तुला काय करायचंय?” मग मी बसवाल्या डोरीनला गाठलं. खिंडीवरून बस तीच आणते. ती म्हणाली, “मला सांगू नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे मी काही सांगणार नाही. एवढंच सांगते की एक माणूस मांडीवर बादली घेऊन चढला, सगळा वेळ तिच्याशी बोलल्यासारखा बसला, तुमच्या दाराशी उतरला, आणि मी बस वळवून येईपर्यंत हात हलवत परत चढला. आता बाई, मला नाव विचारू नका. मी शब्द दिलाय.”

मी मलमल बाजूला केलं. लवंग नाही. पेअरचा वास, आणि खाली किंचित ओल्या दगडाचा. क्लिफर्ड, तो वास माझ्या लहानपणाचा आहे. विल्फने बोट बुडवून चाखलं आणि हौद धुवायला गेला. आधीच दोनदा धुतलेला हौद त्याने तिसऱ्यांदा धुतला. आम्ही बादली घातली आणि काही झालं नाही. दिवसभर नाही. आपलं विरजण कसं आहे तुला माहीत आहे: खोऱ्यातल्या पुरुषांसारखं. ढवळलं नाही तर तळाशी जाऊन बसतं आणि आपलं काम झालं असं समजतं. आम्ही खालची बीअर पंपाने वर चढवून पुन्हा त्याच्या डोक्यावर ओतत राहिलो, ओरडून उठवल्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी विल्फ हौदावर झाकलेल्या दगडी फरशीवर उभा होता. त्याने मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. मी वर गेले. फरशीच्या भोकातून विरजण वर चढत होतं, पांढरंपिवळं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं, अजिबात घाई नसलेलं. विल्फने खिशातून पोर्क भरलेली पेस्ट्री काढली, मोडून अर्धी मला दिली. हा माणूस माझ्याकडे आयुष्यभर कामाला आहे आणि त्याने मला कधी काही खायला दिलं नव्हतं.

प्रदर्शनात आमच्या तंबूत आमची बीअर होती. सेथने पहिला ग्लास घेतला. सगळा तंबू त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याने घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला, छताकडे पाहिलं, आणि म्हणाला, “चालेल.” कंपनीचं पत्र मी चुलीत घातलं. कागद गुळगुळीत असल्यामुळे ते चटकन पेटलं नाही, तेवढीच तक्रार.

माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला होता. तुमची भट्टी बंद होऊन इतकी वर्षं झाली. मग बाबांनी पुराच्या वर्षी दिलेलं हे विरजण जिवंत कुठे होतं? याचं उत्तर डोरीनने दिलं, अर्थात शब्द न मोडता. म्हणाली, “मी नाव घेणार नाही, पण केल्डविकला एक माणूस धुण्याच्या खोलीतल्या तांब्याच्या हंड्यात दर पंधरवड्याला बीअर करतो. भट्टी बंद झाली त्या आठवड्यापासून. आणि गंमत म्हणजे तो स्वतः पीत नाही. डॉक्टरांनी किती वर्षांपूर्वी बंद केलीय त्याची.” मी विचारलं, “मग करतो कशाला?” तर म्हणाली, “तो म्हणतो, विरजण भुकेलं राहतं. अर्धी शेजाऱ्यांना वाटतो, उरलेली मेटकाफच्या डुकरांना. सगळ्या खोऱ्यात तेवढीच डुकरं गाणी म्हणतात.” मी हसले. बरंच हसले, आणि मग एकदम थांबले. कारण पुढे ती म्हणाली, “पण आता महिना झाला, हंडा थंडच आहे. डुकरं उदास आहेत, आणि तोही नुसता दारात बसलेला असतो.”

बादलीत तू थोडं दिलं नव्हतंस तर. होतं नव्हतं ते सगळं दिलं होतंस.

म्हणून हे पत्र. नियम तुला माहीत आहे: भांडं रिकामं जात नाही, आणि त्यात पहिली बीअर भरून घरच्या कर्त्या माणसाने ती स्वतः न्यायची असते. पण तू पिणार नाहीस, आणि आमची बीअर डुकरांना घालायला मी अजून तयार नाही. तेव्हा मी त्या बादलीत विरजण भरलं आहे, काल हौदातून वर आलेलं, तुझ्यातलंच, माझ्यातलंच, आता कोणाचं ते विल्फलाही सांगता येत नाही. मलमल ओलं आहे, गाठ सुटणारी बांधली आहे. डोरीनला मी सांगितलं आहे की बस वळवून आली तरी माझ्यासाठी थांबू नकोस. हे पत्र मी तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवलं आहे, कारण इतकं सगळं तोंडाने बोलणं तुझ्या-माझ्या खोऱ्यांत बसत नाही. बादली घेऊन मी फाटकाशी उभी आहे. वाचून झालं की हंड्याखाली जाळ कर. आधण जास्त ठेव म्हटलं होतं, ते ठेवलं असशील तर चहाला दोन कप काढ. फार काही बोलू नकोस. खिडकी उघड आणि ‘चालेल’ म्हण, तेवढं पुरे. बूट मी काढलेलेच आहेत.

तुझीच, असं लिहायची पद्धत आहे, आणि या वेळी पद्धत बरोबर आहे,

मेव्हिस आयव्हसन